प्रसूतिवेदना आणि डॉ. सिम्प्सन

कळा सुरू झालेल्या सुनेला धीर देताना आपल्यातील वडीलधाऱ्या बायका अजूनही हव्वेचे नाव काढतात. तिच्या वाट्याला जे आले ते प्रत्येकीने सोसलेच पाहिजे, औषधाने वेदना कमी करणे म्हणजे देवाच्या वचनाआड येणे, असे मानणारे आपल्या मंडळ्यांत आजही भेटतात. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील सोळाव्या वचनाचा अर्थ काय घ्यावा, हा प्रश्न एका डॉक्टरपुढे अडलेली बाई समोर असताना उभा राहिला होता. म्हणून सर जेम्स यंग सिम्प्सन यांचे चरित्र येथे देत आहोत.

स्कॉटलंडमधील बाथगेट गावी 7 जून 1811 रोजी एका गरीब पाववाल्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. हे सर्वांत धाकटे. आई लहानपणीच वारली. थोरल्या भावंडांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकविले व चौदाव्या वर्षी एडिंबरोच्या विद्यापीठात धाडले. त्या काळी शस्त्रक्रिया रोगी शुद्धीवर असतानाच होत. एका डोंगराळ भागातील गरीब स्त्रीचा स्तन कापताना तिच्या यातना पाहून हा विद्यार्थी तेथून निघाला तो वैद्यकी सोडून वकिलीकडे जाण्याच्या विचाराने. परंतु ते परत फिरले. वेदना थांबविता येतील काय, हा विचार मात्र तेव्हापासून त्यांच्या मनातून गेला नाही. 1840 मध्ये, वयाच्या अवघ्या 28 व्या वर्षी, एका मताच्या आधिक्याने ते एडिंबरो येथे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

1846 मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी ईथर वापरल्याची बातमी आली. बाळंतिणीला ते द्यावे की नाही याविषयी कोणालाच ठाऊक नव्हते. वेदना थांबल्या तर कळाही थांबतील व मूल अडेल, ही खरी भीती होती. 19 जानेवारी 1847 रोजी सिम्प्सन यांनी कटीची हाडे बिघडलेल्या एका स्त्रीला ईथर दिले, आणि त्यांना दिसले की बाईला दुःख जाणवत नसले तरी गर्भाशय आपले काम करीतच राहते. हे त्यांचे मोठे निरीक्षण होय. पण ईथरचा वास उग्र, खोकला येई, आणि बाटल्याही पुष्कळ लागत. म्हणून ते दुसरे द्रव्य शोधू लागले. 4 नोव्हेंबरच्या रात्री आपल्या जेवणघरात कीथ व डंकन या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी क्लोरोफॉर्म हुंगून पाहिले व तिघेही टेबलाखाली निजले! चारच दिवसांनी ते एका बाळंतिणीला देण्यात आले. तिचे आधीचे बाळंतपण तीन दिवस अडून मूल हाती लागले नव्हते. या खेपेस मुलगी सुखरूप जन्मली. त्या मुलीचे नाव ॲनेस्थेशिया ठेवले अशी गोष्ट वर्गात सांगितली जाते. ती खरी नव्हे, तिचे नाव विल्हेल्मिना होते.

आता वचनाविषयी. सिम्प्सन यांनी डिसेंबर 1847 मध्येच एक पुस्तिका काढून धार्मिक आक्षेपांना उत्तर दिले. मुखपृष्ठावर त्यांनी 1 तीमथ्य 4:4 व याकोब 4:17 ही वचने घातली. त्यांचे म्हणणे असे की, मूळ इब्री शब्दाचा अर्थ श्रम, कष्ट असा आहे, आणि त्याच मुळाचा शब्द पुढच्याच वचनात आदामाच्या शेतकामाला लावला आहे. स्त्रीची वेदना हलकी करणे पाप असेल, तर शेतातील काटे उपटणाऱ्या व नांगराला बैल जुंपणाऱ्या पुरुषालाही सूट कशी मिळावी? शिवाय आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली, हेही त्यांनी दाखविले. त्यांचा इब्री शब्दांचा प्रत्येक तर्क पटतोच असे नाही. पण काटे उपटणाऱ्याचा मुद्दा आम्हांला निरुत्तर करणारा वाटतो. पुढे अभ्यासकांनी शोध केला तेव्हा पाळकांचा छापील विरोध फार थोडाच सापडला. जास्त विरोध डॉक्टरांकडूनच झाला, व त्यात तथ्यही होते. 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमध्ये पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची मुलगी तत्काळ दगावली.

7 एप्रिल 1853 रोजी राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्या हातून रुमालावर थोडे थोडे क्लोरोफॉर्म सुमारे 53 मिनिटे घेतले. इंग्लंडच्या मंडळीची प्रमुखच ती, मग आक्षेप घेणार कोण?

क्लोरोफॉर्मच्या धोक्याचा वाद आपल्या हैदराबादेसही आला. 1888 व 1889 मध्ये निजामाच्या आश्रयाने डॉ. लॉरी यांनी तेथे दोन आयोग बसवून जनावरांवर प्रयोग केले व हृदयाला धोका नाही, श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे पुरे, असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता. 1911 मध्ये लेव्ही यांनी हृदयच बंद पडू शकते हे सिद्ध केले. आज बाळंतपणात क्लोरोफॉर्म कोणी देत नाही. पाठीच्या मणक्याजवळ सुई देऊन वेदना थोपवितात व आई जागी राहते.

सिम्प्सन यांनी बाळंतज्वराविषयीही लिहिले. सुईण व डॉक्टर यांच्या बोटांवरूनच विष एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाते, हे ते ओळखून होते. असे असूनही लिस्टर यांच्या कार्बोलिक ॲसिडला त्यांनी विरोध केला, याचे आम्हांला आश्चर्य वाटते. स्त्रियांना डॉक्टरकी शिकविण्यास बहुतेक जण तयार नव्हते तेव्हा, 1854 मध्ये, त्यांनी एमिली ब्लॅकवेल यांना आपल्या हाताखाली काम दिले. त्यांनी बनविलेला चिमटा तर आजही प्रसूतिगृहात असतो.

1861 च्या अखेरीस त्यांच्या विश्वासात नवे बळ आले व ते सभांतून प्रभूविषयी साक्ष देऊ लागले. घरात मात्र मृत्यूचे येणेजाणे थांबले नाही. नऊ मुलांपैकी कित्येक त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. 1866 मध्ये सरकारने बॅरोनेट ही पदवी दिली, आणि त्याच वर्षाच्या आरंभी थोरला मुलगा डेव्हिड व मुलगी जेसी ही दोघेही गेली.

6 मे 1870 रोजी सिम्प्सन वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा देऊ केली होती. कुटुंबाने ती नाकारली व एडिंबरोच्या वॉरिस्टन कबरस्थानात, त्यांच्या लेकरांजवळ, त्यांना मूठमाती दिली.