कुंभारीण न्याहाळणारा साताऱ्याचा साहेब

जालना जिल्ह्यातल्या गणपतीच्या राजूरला काय किंवा कुठल्याही गावी काय, जुन्या घराच्या चौकटीला, कोनाड्यात मातीचा टणक गोळा चिकटलेला दिसतो. हे कुंभारीण माशीचे घर. त्यात कोंडलेली अळी माशीचे ध्यान करता करता स्वतःच माशी होते, हा दृष्टान्त कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला जातो. गोळा फोडून माशी बाहेर पडते हे खरे, पण ती त्या अळीची झालेली नसते.

घरातल्या अशा बिऱ्हाडकरूंकडे बारकाईने पाहणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन १८५१ साली साताऱ्यात जन्मले. वडील स्कॉटिश मिशनरी. शिक्षण मुंबई-पुण्यात झाले, पुढे डेक्कन कॉलेजात ते लॅटिन शिकवत. १८७६ मध्ये मीठ आणि जकात खात्यात नोकरी लागली आणि खाराघोडा, उरण, रत्नागिरी, कारवारकडचा मुलूख अशी भटकंती सुरू झाली. १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत ते होते. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन डॉक्टरही होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

बंगल्यात घुसणाऱ्या उंदीर, मुंग्या, डासांवरचे त्यांचे ‘द ट्राइब्स ऑन माय फ्रंटिअर’ हे खुसखुशीत पुस्तक गाजले. मधमाश्या आणि गांधीलमाश्यांना त्यात वेगळे प्रकरण आहे.

कुंभारणीचा संसार एकटीचा. मादी जबड्यात ओली माती आणून एकेक खोली लिंपते. नांगी मारून लुळे केलेले भक्ष्य आत भरते. कुणी हिरव्या अळ्या, कुणी कोळी. तिथेच एक अंडे घालून तोंड बंद करते. भक्ष्य मेलेले नसते, म्हणून सडत नाही. फ्रान्समध्ये फाब्र यांनी दुसऱ्या एका शिकारी माशीवर १८५५ च्या सुमारास हे दाखवले होते. अंड्यातली अळी ही ताजी शिदोरी खाऊन कोश करते. माणसाला ही माशी सहसा चावत नाही. राखायला पोळे नाही, तर भांडणार कशाला? तरीही घराघरांत फवारा आधी तिच्यावरच चालतो आणि रांजणातल्या डासांच्या अळ्या तशाच राहतात.

एटकेन यांची हीच नजर डासांवरही गेली. १९०२ मध्ये गोव्याच्या सरहद्दीवरच्या जकात नाक्यांवर मलेरिया का फैलावतो आणि डास कसे हटवावेत, हे पाहण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे दिले. डासांमुळे मलेरिया होतो हे रॉस यांनी दाखवून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. या कामात त्यांना ॲनॉफिलीस डासाची एक नवी जात सापडली. तिला त्यांचेच नाव मिळाले, ॲनॉफिलीस एटकेनाय. मलेरिया पसरवणाऱ्या प्रमुख डासांत मात्र ती मोडत नाही.

पुढे कराचीत जकातीचे मुख्य अधिकारी आणि सिंधच्या गॅझेटिअरचे काम करून ते १९०६ मध्ये निवृत्त झाले. १९०९ साली एडिंबरोत त्यांचे निधन झाले.