दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके उपाख्य दादासाहेब फाळके (३० एप्रिल, इ.स. १८७० : त्र्यंबकेश्वर, महाराष्ट्र - १६ फेब्रुवारी, इ.स. १९४४ : नाशिक, महाराष्ट्र) हे मराठी चित्रपटनिर्माते व दिग्दर्शक होते. त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते. त्यांच्या हयातीत चित्र दाखविण्याची साधने अनेकदा बदलली. छायाचित्र, रंगीत छपाई, मूकपट आणि बोलपट या सर्वांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला. योग्य यंत्राची पारख हे त्यांच्या यशाचे एक कारण होते. तंत्र बदलल्यानंतर त्याच क्षेत्रात त्यांना मागेही पडावे लागले.

सुरुवातीचे जीवन

फाळके यांचे वडील संस्कृतचे जाणकार होते. वडिलांच्या अध्यापनाच्या निमित्ताने कुटुंब मुंबईस आले. इ.स. १८८५ मध्ये फाळके यांनी सर जे.जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला व छायाचित्रण यांचा अभ्यास केला. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकार म्हणून व्यवसाय थाटला. परंतु तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दगावले आणि त्यांना ते गाव सोडावे लागले. त्यांनी काही काळ जादूचे प्रयोग केले, तसेच पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीच्या विचाराने त्यांनी ती नोकरी सोडली व छपाईच्या धंद्यात प्रवेश केला. इ.स. १९०९ मध्ये रंगीत छपाईचे नवे तंत्र व यंत्रे यांसाठी ते जर्मनीस गेले. पुढे भागीदारांशी मतभेद झाल्याने त्यांनी छापखान्याशी असलेला संबंध तोडला.

चित्रपटाचा ध्यास

इ.स. १९११ मध्ये ईस्टरच्या सुमारास गिरगावातील एका तंबूत फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. राम व कृष्ण यांच्या कथा अशाच पडद्यावर आणता येतील, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा रुजला. त्यानंतर मिळेल तो चित्रपट ते पाहू लागले. घरी लहानसे यंत्र आणून मेणबत्तीच्या प्रकाशात भिंतीवर चित्रे पाडण्याचे प्रयोगही त्यांनी केले. अतिश्रमाने त्यांचे डोळे बिघडले व काही काळ दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनंतर ती परत आली.

यंत्राची निवड

चित्रपटाची सामग्री त्या काळी भारतात तयार होत नव्हती. एकदा घेतलेले यंत्र सदोष निघाले, तर ते बदलून घेणे अथवा दुरुस्त करणे दुरापास्त होते. म्हणून केवळ सूचिपत्रावर विसंबून न राहता फाळके यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला प्रयाण केले. तेथे ते 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आरंभी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मात्र त्यांची तळमळ पाहून वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची ओळख करून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके यांना चित्रीकरणापासून प्रक्रियेपर्यंतचे काम प्रत्यक्ष पाहता आले. या जाणकारांच्या सल्ल्याने त्यांनी विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा ५० पौंडांस घेतला. फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही त्यांनी खरेदी केले व कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली.

१ एप्रिल, इ.स. १९१२ रोजी ते परतले. यंत्राची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला व त्याच्या वाढीची चित्रे अनेक दिवस थोडी थोडी टिपली. ती सलग दाखविताच रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसे. हा लघुपट पाहिल्यावर भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे घरीच चालत. त्यांत त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. खर्चासाठी त्यांनी आपले दागिनेही दिले.

मूकपटांचा काळ

'राजा हरिश्चंद्र' हा सुमारे ३,७०० फूट लांबीचा चार रिळांचा मूकपट ३ मे, इ.स. १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. स्त्रिया काम करण्यास तयार नसल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्यानंतर फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर' (१९१३), 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) हे त्यांचे गाजलेले चित्रपट होत. 'कालियामर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. इ.स. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. मतभेदांमुळे ते काही काळ काशीस जाऊन राहिले व नंतर कंपनीत परतले.

बोलपटाचे आगमन

१४ मार्च, इ.स. १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि मूकपटांची मागणी ओसरू लागली. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरविला जाई व त्याची गती थोडी कमीजास्त झाली तरी चाले. आवाजासाठी मात्र सेकंदाला २४ चित्रांची अचूक गती, विजेवर चालणारी व आवाज न करणारी यंत्रे आणि मोठे भांडवल आवश्यक झाले. एका घरात सामावणारा हा उद्योग आता तसा राहिला नाही. मूकपट म्हणून चित्रित केलेल्या 'सेतुबंधन'ला फाळके यांना मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट आणि एकमेव पूर्ण बोलपट ठरला.

अखेर व सन्मान

निवृत्तीनंतर फाळके नाशिकला राहिले. अखेरची वर्षे त्यांनी आर्थिक ओढाताणीत व चित्रपटसृष्टीपासून दूर काढली. भारत सरकारने इ.स. १९६९ मध्ये त्यांच्या नावाने दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. चित्रपटक्षेत्रातील आजीवन योगदानासाठी दिला जाणारा हा देशातील सर्वोच्च सन्मान आहे.