विश्लेषण : जाळी बदलली की धरणाची भेग का बदलते? १९२१ मध्येच उत्तर देऊन ठेवलेले ग्रिफिथ कोण होते?

उन्हाळ्यात उजनीचे पाणी खूप खाली गेले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवला दोन गोष्टी उघड्या पडतात. एक म्हणजे भीमेच्या पात्रातले पळसनाथाचे जुने मंदिर आणि दुसरी म्हणजे वाळून तडकलेला काळा गाळ. फोटो मंदिराचे व्हायरल होतात, गाळाकडे कोणी बघत नाही. पण तडा केव्हा पुढे सरकतो याचे गणित मांडणाऱ्या माणसाशिवाय आज धरणाच्या भेगांचे कॉम्प्युटर सिम्युलेशन भरवशाचे ठरत नाही. त्यांचे नाव अ‍ॅलन अर्नोल्ड ग्रिफिथ.

काच अपेक्षेपेक्षा लवकर का फुटते?

ग्रिफिथ यांचा जन्म १८९३ मध्ये लंडनचा. लिव्हरपूलला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकून ते १९१५ मध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. पिळला जाणारा दांडा आतून किती ताण सोसतो, हे त्यांनी जी. आय. टेलर यांच्यासोबत साबणाच्या पातळ पडद्यावरून मोजून दाखवले.

मग त्यांनी काच हाती घेतली. अणूंमधील बंधांच्या हिशेबाने काच जितकी मजबूत हवी, त्याच्या कितीतरी आधी ती फुटते. ग्रिफिथ यांनी काच वितळवून तिचे तंतू ओढले आणि ते तोडून पाहिले. तंतू जितका बारीक, तितका मजबूत. सर्वांत बारीक तंतूची ताकद मिलिमीटरभर जाडीच्या तंतूच्या सुमारे २० पट भरली. कारण जाड काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात.

अडचण अशी की, टोकदार भेगेच्या अगदी टोकाशी ताण किती, हे सूत्राने काढायला गेले तर उत्तर अनंत येते. मग प्रत्येक भेग लगेच पसरायला हवी. तसे होत नाही. ग्रिफिथ यांनी ताणाचा हट्ट सोडला आणि ऊर्जेचा जमाखर्च मांडला. भेग पुढे गेली की वस्तूत साठलेली ऊर्जा सुटते, पण नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्चही होते. जमा खर्चाला पुरली तरच भेग पुढे जाते. हा निबंध १९२१ चा. त्याचे मोल बहुतेकांना दुसऱ्या महायुद्धात जहाजे दुभंगू लागल्यानंतर कळले.

स्वतः ग्रिफिथ तोवर इंजिनांकडे वळले होते. टर्बाइनची पाती विमानाच्या पंखासारखी हवीत, हे त्यांनी १९२६ मध्ये मांडले. मात्र फ्रँक व्हिटल या तरुण अधिकाऱ्याची जेट इंजिनाची कल्पना तपासायला आली, तेव्हा त्यांनी ती अव्यवहार्य ठरवली. एवढ्या हुशार माणसाचा हा निर्णय चुकीचा ठरला आणि ब्रिटनची काही वर्षे गेली, असे म्हणायला जागा आहे. १९३९ पासून निवृत्तीपर्यंत ते रोल्स-रॉइसमध्ये होते. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोयनेशी संबंध काय?

त्यानंतर चार वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचे धरण टिकले, पण उंच भागांत वरच्या बाजूला, जिथे मागचा उतार एकदम बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. धक्क्याची नोंद आणि भेगांची जागा दोन्ही हाती असल्याने, काँक्रीटच्या भेगांचे नवे गणित तपासायला जगभरचे संशोधक आजही कोयनाच घेतात.

संगणक धरणाचे छोटे चौकोन पाडतो. ही झाली जाळी, म्हणजे मेश. काँक्रीट तडकले की नुकसान चौकोनांच्या एकाच ओळीत साचते. खर्च होणारी ऊर्जा घनमीटरमागे ठरवली असेल, तर ४० सेंटिमीटरच्या चौकोनांऐवजी १० सेंटिमीटरचे घेताच त्याच भेगेचा खर्च एक चतुर्थांश होतो. धरण तेच, धक्का तोच, पण भेग स्वस्त झाली आणि लांब पळाली. जाळी आणखी बारीक करत गेलो तर खर्च शून्याकडे जातो. एरवी बारीक जाळी म्हणजे अचूक उत्तर. इथे मात्र ती दिशाभूल करते. धरणाला टेकू द्यायचा की नाही, हे अशा आकड्यांवर ठरणार असेल तर हा खेळ महागात पडेल.

यावर उपाय ग्रिफिथ यांच्याच हिशेबात आहे. ऊर्जा घनमीटरमागे नाही, तर भेगेच्या चौरस मीटरमागे धरायची. काँक्रीटसाठी ती साधारण १०० ज्यूलच्या घरात असते. चौकोन लहान केला की त्या प्रमाणात त्याचे घनमीटरमागचे मूल्य वाढवायचे, म्हणजे एकूण खर्च तोच राहतो. बाझांत आणि ओह यांनी १९८३ मध्ये ही पद्धत पक्की केली.

तरीही एक दुखणे उरते. भेगेला चौकोनांच्या कडेकडेने सरळ जायला आवडते, खरी भेग तिरकी असली तरी. म्हणून अनुभवी अभियंते जाळी बारीक करून आणि तिरकी फिरवूनही पाहतात. १९९८ मध्ये फ्रँकफोर्ट आणि मारिगो या फ्रेंच संशोधकांनी तर ग्रिफिथ यांचा जमाखर्च पुन्हा मांडला आणि भेगेची वाटही त्यातूनच ठरवली. त्यातून पुढे आलेल्या फेज-फील्ड पद्धतीत भेग एका पट्ट्यात पसरवली जाते. मात्र त्या पट्ट्यात पुरेसे चौकोन बसवावे लागतात आणि कोयनेएवढ्या धरणासाठी संगणकाला ते जड जाते.