फुलांमुलांचा कवी

आजचं वचन: मत्तय ६:२८-३०

आजच्या वचनात प्रभू येशू आपल्याला रानातली फुलं नीट बघायला सांगतो. ती राबत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी शलमोन राजाच्या थाटापेक्षा त्यांचा पेहराव देखणा. हे वचन अक्षरशः जगलेला एक माणूस आपल्याच नगर जिल्ह्यात राहून गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. घराणं चित्पावन ब्राह्मण, आणि कविता लहानपणापासून सोबतीला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने जाताना नवा करार हातात ठेवला. वाचत वाचत टिळक डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. आजचा उतारा त्याच प्रवचनातला आहे बरं का.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. किंमत मोठी होती. नातेवाईक तुटले. पत्नी लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन दूर राहिल्या. काही वर्षांनी त्या परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्याच या लक्ष्मीबाई.

एवढं सोसूनही टिळकांची नजर कडवट झाली नाही. नगरला, राहुरीला राहताना ते फुलांवर, पाखरांवर, मुलांवर लिहीत राहिले. रानात एकटं उमललेलं फूल त्यांना देवाची खूण वाटायचं. त्यांची 'वनवासी फूल' ही दीर्घ कविता आजही वाचली जाते. ज्ञानोबा-तुकोबांची वाटही त्यांनी सोडली नाही. अभंग-ओवीच्या चालीत रचलेली त्यांची भजनं आपण आजही उपासनेत गातो.

१९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना तरुण त्र्यंबक ठोंबरे भेटला. हिरवळ, ऊन-पाऊस, निर्झर यांत रमणारा मुलगा. तिथेच तो 'बालकवी' झाला. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी मुलासारखं ठेवलं. धर्म बदलण्याची अट नव्हती. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. वय अवघं सत्तावीस. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले.

आता पुन्हा वचनाकडे येऊ. गवत आज आहे, उद्या भट्टीत जाणार, हे येशू लपवत नाही. तरीही देव त्याला सजवतो. म्हणजे कृपा आयुष्याची लांबी मोजून मिळत नाही, आणि काम बघूनही मिळत नाही. आमच्या संगमनेरहून पावसाळ्याच्या शेवटी भंडारदऱ्याकडे गेलात, तर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा बघा. चार आठवड्यांचा खेळ, पण देवाने रंगात काटकसर केलेली नाही. आपण स्क्रीनवर एका रंगाचा कोड ठरवायला तासभर घालवतो, अप्रेझलच्या आकड्यावर स्वतःची किंमत ठरवतो. सोनकीचं अप्रेझल कोण करतं?

आज एवढंच करा. लंच ब्रेकमध्ये फोन खिशात ठेवून एखादं फूल मिनिटभर बघा. फोटो काढू नका.

प्रार्थना: हे पित्या, जे कमावलं नाही ते कृपा म्हणून ओळखायला शिकव. टिळकांना दिलीस तशी नजर आम्हांलाही दे. येशूच्या नावाने, आमेन.