रक्तप्रवाहाला आवाज देणारे डॉप्लर

प्लास्टिक सर्जरीत दुसऱ्या जागी जोडलेल्या त्वचेच्या वा स्नायूच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर तो काही तासांतच मृत होऊ शकतो. म्हणून परिचारिका ठरावीक वेळाने अल्ट्रासाऊंडचा डॉप्लर प्रोब टेकवून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकतात. हे तत्त्व मांडणारे ख्रिस्तियन डॉप्लर मात्र त्याचा हा उपयोग पाहू शकले नाहीत.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे पाथरवटाच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. नाजूक प्रकृतीमुळे ते गणिताकडे वळले. नोकरीअभावी अमेरिकेला जाण्याची तयारी सुरू असतानाच १८३५ मध्ये त्यांना प्रागमध्ये अध्यापकपद मिळाले. लहरींचा उगम जवळ येताना वारंवारता वाढते, दूर जाताना घटते, हा सिद्धांत त्यांनी तेथेच २५ मे १८४२ रोजी मांडला. ताऱ्यांच्या रंगांचे त्यांचे स्पष्टीकरण चुकीचे ठरले. पण १८४५ मध्ये हॉलंडमध्ये धावत्या आगगाडीत वादक बसवून केलेल्या प्रयोगात मूळ तत्त्व खरे उतरले. १७ मार्च १८५३ रोजी व्हेनिस येथे वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते. तोच बदल आज यंत्रातून ऐकू येतो. तो आवाज थांबला, तर सर्जन तातडीने पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करतात.