बेत मोडल्यावर : गाडगे महाराजांचें चरित्र

ठरविलेला बेत मोडणें म्हणजे काय, हें वऱ्हाडांतील शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. मृगाचा पाऊस पडला म्हणून त्यानें सरकी टोबावी आणि पुढें पंधरा दिवस आभाळानें पाठ फिरवावी. बोंडें फुटून शेत पांढरें व्हावें आणि वेंचणीच्या आदल्या रात्रींच अवकाळी पावसानें तें भिजवावें. मुलीच्या लग्नासाठीं राखलेला पैसा दुखण्यांत खर्ची पडावा. असे प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांवर आले असतील. हातचें गेलें तें गेलें. पण त्यानंतर मन कोणीकडे वळवावें, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर आमच्याच अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या मातींत वाढलेल्या एका पुरुषाच्या आयुष्यांत पाहावें, असें आम्हांस वाटतें.

अमरावती जिल्ह्यांत अंजनगांव सुर्जी तालुक्यांत शेंडगांव म्हणून एक खेडें आहे. तेथें एका परिटाच्या घरीं २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. बाप दारूच्या आहारीं गेला आणि मूल लहान असतांच वारला. आई सखूबाई मुलास घेऊन आपल्या माहेरीं, अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांत दापुरें येथें, भावाच्या आश्रयास आली. शाळेचें तोंड डेबूजींनीं पाहिलें नाहीं. ते मामाचीं गुरें राखीत. पुढें नांगर हातीं घेतला आणि शेतीच्या कामांत त्यांचा हात कोणी धरीना. इ. स. १८९२ मध्यें कुंताबाईंशीं त्यांचें लग्न झालें. मामाचें शेत कसावें, बैलजोडी राखावी, आईस सुखाचे दिवस दाखवावे, एवढाच त्यांचा बेत होता. आणि तो मोडेल असें मानण्यास कांहीं कारण दिसत नव्हतें.

परंतु मामा चंद्रभान हे निरक्षर होते. त्यांनीं सावकाराकडून कर्ज काढलें होतें. पिकाच्या पैशांतून तें फिटत आलें असें ते समजत. पण कागद वाचतां येत नसल्यामुळें हिशेब सावकार सांगेल तोच खरा. अखेर कर्जापायीं जमिनीवर संकट आलें. चंद्रभान त्या धक्क्यानें खचले आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. ज्या शेतावर डेबूजींनीं आयुष्याचा बेत बांधला होता, त्याचा भरवसा अशा रीतीनें संपला.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. एकच घाव मामावर व भाच्यावर पडला. मामास त्यानें संपविलें. भाच्यास निराळ्या वाटेस लाविलें. यावरून मामास दुबळा म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यानें हाडें झिजवून जमीन राखली, त्यास तिच्या जाण्याचें दुःख किती, हें ज्याचें त्यासच ठाऊक. परंतु भाच्याच्या मनानें काय केलें तें पाहण्याजोगें आहे.

पहिली गोष्ट, अन्यायास त्यांनीं नशीब म्हटलें नाहीं. सावकाराचीं माणसें शेतांत उतरलीं तेव्हां डेबूजी त्यांच्या आडवे उभे राहिले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. दुसरी गोष्ट, आपली हानि कशानें झाली याचें मूळ ते शोधीत राहिले. बाप दारूनें गेला होता. मामा कर्जानें व निरक्षरतेनें गेला होता. हीं दुःखें एकट्या आपल्या घरचीं नसून गांवोगांवचीं आहेत, हें त्यांस कळून चुकलें. पहिल्या मुलीच्या बारशास जातीच्या रीतीप्रमाणें दारू व मटण द्यावयाचें, तें न देतां त्यांनीं गोडाचें जेवण घातलें. भाऊबंद रुसले, पण डेबूजी ढळले नाहींत.

पुढें १ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, हातीं खराटा आणि खाण्यापिण्यास एक फुटकें गाडगें. या गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणूं लागले. ज्या गांवीं जात, तेथें आधीं रस्ता झाडीत. दिवसभर गांव झाडावें आणि रात्रीं कीर्तन करावें, असा त्यांचा क्रम असे. फुकट भाकरी खाणें त्यांस रुचत नसे. कोणाचें लांकूड फोडून, कोणाचें अंगण झाडून ते ती मिळवीत. पूर्णा नदीच्या कांठीं ऋणमोचन येथें यात्रेकरूंचे पाय चिखलांत रुतत. तेथें कांहीं वर्षांतच त्यांनीं लोकांच्या श्रमानें व वर्गणीनें दगडी घाट उभा केला. एका शेताचा धनी होऊं पाहणारा मनुष्य आतां कोणत्याच जमिनीचा धनी राहिला नव्हता. पण राबण्याची संवय तीच होती आणि हातही तेच होते.

त्यांच्या कीर्तनाचे विषय पाहिले असतां आमच्या म्हणण्याचें मर्म कळेल. कर्ज काढूं नका, दारू पिऊं नका, देवापुढें बकरें कापूं नका, शिवाशीव मानूं नका, मुलांस शिकविल्यावांचून राहूं नका, हाच त्यांचा उपदेश. ज्या ज्या गोष्टीनें त्यांचें घर बुडालें होतें, तिच्यापासून दुसऱ्याचें घर राखणें हा त्यांचा धंदा झाला. मोडलेला बेत त्यांनीं पुन्हां सांधला नाहीं. ज्या फटींतून तो निसटला, ती फट त्यांनीं हजारों घरांत बुजविली.

ही वाट सोपी होती असें मात्र कोणी समजूं नये. घराचा भार कुंताबाईंवर व म्हाताऱ्या आईवर पडला, आणि तो त्यांनीं निमूटपणें वाहिला. त्यांचें ऋण विसरून महाराजांची स्तुति करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आणि संकट आलें म्हणून प्रपंच टाकून निघावें, असा धडाही यांतून कोणी घेऊं नये. इ. स. १९२३ मध्यें कोंकणांत खारेपाटण येथें कीर्तन चाललें असतां पुत्र गोविंद वारल्याची बातमी त्यांस आली. त्यांनीं कीर्तन थांबविलें नाहीं. मन वळविण्याची ही कसोटी किती कठीण असेल, याची कल्पना मूल गमावलेल्या आईबापांसच येईल.

पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा क्षेत्रीं त्यांनीं धर्मशाळा बांधविल्या आणि मुंबईंत रोग्यांच्या नातलगांस टेकावयास जागा करून दिली. परंतु त्यांतील एकही खोली आपल्या कुटुंबासाठीं ठेविली नाहीं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं १९४९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंसाठीं बांधलेली वास्तु शिक्षणाच्या कामीं येते असें दिसतांच तिचाही बेत बदलण्यास त्यांचें मन अडलें नाहीं.

अमरावतीस येत असतां वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलापाशीं २० डिसेंबर १९५६ रोजीं महाराजांचें देहावसान झालें. अमरावती येथें १९८३ सालीं विद्यापीठ स्थापन झालें आणि २००५ सालीं त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें. ज्यांच्या मामास सावकाराचा कागद वाचतां आला नाहीं, त्यांचें नांव आज वऱ्हाडांतील हजारों पदवीपत्रांवर असतें.

आमच्या जिल्ह्यांत कर्ज व नापिकी यांपायीं आजही कित्येक शेतकरी आपला जीव देतात. म्हणून मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस व उपदेशकांस आमची विनंति आहे कीं, ज्याचा बेत मोडला त्यास धीर धर म्हणून सांगून परत फिरूं नये. त्याच्या ओट्यावर बसावें. त्याचा कर्जाचा कागद त्यास वाचून दाखवावा. फेडीची पावती घेतली कीं नाहीं तें विचारावें. मुलांची शाळा सुटूं देऊं नये. खचलेलें मन एकट्यानें वळत नाहीं. चंद्रभानांच्या दारीं असा कोणी वाचणारा आला असता, तर काय झालें असतें, याचा विचार प्रत्येक साक्षर वाचकानें करावा.