चाकणपासून दौलताबादपर्यंत ज्याचा शब्द चालायचा, तो हबशी मलिक अंबर कोण होता?

पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. आकुर्डी, ताथवडे, वाकड भागातली एखादी चहाची टपरी. आफ्रिकेतून शिकायला आलेली दोन-तीन मुलं चहा पीत उभी आहेत आणि मागून कुणीतरी हळूच एक शब्द टाकतो. हपशी.

शाळेत तर हा शब्द आपल्याच सावळ्या पोरांना चिकटवला जातो. माझ्या वर्गातही असा एक मुलगा होता. त्याचं खरं नाव वर्षभर क्वचितच कुणी घेतलं असेल.

आता मुद्दा असा आहे की, आपण ज्या पट्ट्यात राहतो आणि कामाला जातो, तिथला कारभार चारशे वर्षांपूर्वी एका हबशाच्या हातात होता. चाकणचा संग्रामदुर्ग तेव्हा निजामशाहीच्या मुलखात होता. चाकण आणि शिवनेरी हे किल्ले, पुणे आणि सुपे हे परगणे निजामशाहीकडून मालोजीराजे भोसल्यांकडे आले, असं इतिहास सांगतो. त्या काळात निजामशाहीची सूत्रं हलवणारा माणूस होता मलिक अंबर.

शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन-चार ओळी येतात. गनिमी कावा, जमाबंदी, विषय संपला. पण तो आला कुठून, आणि हबशी म्हणजे नक्की कोण, हे त्या ओळींमधून कळत नाही.

चापूचा अंबर कसा झाला?

त्याचा जन्म साधारण १५४८ चा, आजच्या इथिओपियातला. दक्षिणेकडच्या कंबाटा भागातला तो असावा असं रिचर्ड ईटन यांच्यासारखे इतिहासकार मानतात. लहानपणीचं नाव चापू. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या बाजारात पोहोचला. तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातून बगदादला गेला आणि तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतलं. या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, इस्लामची दीक्षा दिली आणि नाव ठेवलं अंबर.

इथे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. हबशी हा शब्द अरबीतल्या हबश या नावावरून आला. हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, इथिओपियाचा डोंगराळ भाग. तिथे ख्रिश्चन राजांचं राज्य होतं. गुलाम म्हणून विकली जाणारी माणसं मात्र बरेचदा या राज्याच्या हद्दीबाहेरची, दक्षिणेकडची असायची. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे. डोंगरी राज्याच्या स्वाऱ्यांमध्ये ती पकडली जायची आणि त्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या मालात हिंदुस्थानातलं कापडही असायचं.

म्हणजे ज्यांच्या स्वाऱ्यांमुळे ही माणसं घरदार गमावून बसली, त्यांच्याच देशाचं नाव समुद्र ओलांडल्यावर त्यांच्या कपाळी बसलं. दख्खनच्या बंदरावर उतरल्यावर कोण कुठल्या टोळीचा, हे कुणी विचारत नव्हतं. सगळे हबशी.

हा वाद अजून मिटलेला नाही. इथिओपिया आणि इरिट्रियातले लोक जगभर पसरलेत आणि हबेशा हा शब्द अभिमानाने वापरतात. पण त्यात अम्हारा आणि तिग्रिन्या बोलणारे लोकच येतात की ओरोमो आणि दक्षिणेकडचे लोकही, यावर त्यांच्यात आजही वाजतं. बाहेरून एकसारखे दिसणारे लोक आतून किती वेगळे असतात, याचा हा नमुना.

दख्खनला गुलाम कशाला हवे होते?

आता तुम्ही म्हणाल, इतक्या लांबून माणसं आणायची गरजच काय होती?

दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात दोन गट होते. एक आफाकी, म्हणजे इराण आणि मध्य आशियातून आलेले सरदार. दुसरा दख्खनी, म्हणजे इथेच रुजलेले मुसलमान सरदार. या दोघांचं कधीच पटलं नाही. अशा वेळी सुलतानाला असे सैनिक हवे असायचे ज्यांचे इथे नातेवाईक नाहीत, जमिनी नाहीत, निष्ठा फक्त मालकाशी. हबशी गुलाम या कामासाठी आणले जात. ते बहुतेक वेळा दख्खनी गटाच्या बाजूने उभे राहत.

इथली गुलामी अमेरिकेतल्या मळ्यांसारखी नव्हती. इथला लष्करी गुलाम मालक मेल्यावर बरेचदा मोकळा व्हायचा, स्वतःची फौज उभी करायचा, सरदार बनायचा. अंबरला १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरात ज्याने विकत घेतलं, तो निजामशाहीचा पेशवा चंगेजखान स्वतः हबशी होता आणि स्वतः कधीकाळी गुलाम होता. त्याच्याकडे हजारभर हबशी गुलाम होते.

एका हबशाने हजार हबशी विकत घ्यायचे. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या काळी वर चढायची शिडी हीच होती. चंगेजखानाच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला.

पुढे चंगेजखान मारला गेला आणि अंबरला स्वातंत्र्य मिळालं. त्यानंतरची वीसेक वर्षं त्याने भाडोत्री शिपाई म्हणून काढली. काही काळ विजापूरकरांकडेही नोकरी केली. १५९५ च्या सुमारास तो परत निजामशाहीत आला तेव्हा त्याच्या हाताखाली जेमतेम दीडशे स्वार होते. वय पंचेचाळिशी ओलांडलेलं. आजच्या हिशोबाने बघितलं तर करिअर संपत आलेला माणूस.

राजा नव्हता, पण राज्य त्याचं होतं

१६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबीबी मारली गेली. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबरने काय केलं, तर निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधला, परांड्याला त्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. हा मुर्तजा निजामशहा दुसरा.

राजू दख्खनी नावाचा सरदारही तेव्हा अर्धं राज्य धरून बसला होता. १६०७ च्या सुमारास अंबरने त्याचा बंदोबस्त केला. याच दरम्यान राजधानी जुन्नरला आली. पुणे-नाशिक हायवेने चाकण सोडलं की पुढे नारायणगाव, तिथून आत जुन्नर. जुन्नरजवळ हापूसबाग नावाचं गाव आहे. ते नाव मुळात हबशीबाग होतं, असं तिथले लोक सांगतात.

१६१० मध्ये या घरातच भडका उडाला. पीटर व्हॅन डेन ब्रुक हा डच व्यापारी पुढे अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवलेली हकिगत अशी: सुलतानाची थोरली बेगम गोरी, इराणी वंशाची. तिने सवतीला, म्हणजे अंबरच्या मुलीला, गुलामाची काळी पोर म्हणून हिणवलं आणि तिच्या बापालाही नावं ठेवली. मुलीने ते वडिलांना कळवलं. थोड्याच दिवसांत सुलतान आणि ती बेगम, दोघांवर विषप्रयोग झाला. गादीवर पाच वर्षांचा मुलगा आला.

यामागे राजकारणही होतं, कारण मुर्तजा आता अंबरचं ऐकेनासा झाला होता. अंबर काही साधुसंत नव्हता, हेही यातून दिसतं. पण ज्याच्या शब्दावर राज्य चालतं त्याच्या मुलीलाही राजवाड्यात रंगावरून टोमणा ऐकावा लागतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच्या फौजेत कोण होतं?

१६१० च्या आसपास विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी हिंदुस्थानात होता. त्याने अंबरच्या फौजेचा आकडा दिलाय: सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी. या दख्खन्यांमध्ये मराठ्यांचा मोठा भरणा होता.

अंबरचं सगळं गणित या आकड्यात आहे. फक्त आपल्या माणसांवर त्याचं भागणार नव्हतं. मराठा स्वारांना हा डोंगराळ मुलूख पाठ होता. मुघलांची अवजड फौज घाटात आली की रसद तोडायची, रात्री छापे घालायचे आणि समोरासमोरची लढाई टाळायची. हे तंत्र त्याने मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि भोसले, जाधव अशी घराणी याच काळात मोठी झाली.

आणि माणसं फुटली तेव्हा रंग आडवा आला नाही. १६१५-१६ मध्ये अंबरला सोडून मुघलांना मिळालेल्या सरदारांत लखुजी जाधव होते आणि याकुतखान हबशीही होता. त्याचा परिणाम म्हणजे १६१६ ची रोषणगावची लढाई. अंबर हरला आणि मुघलांनी त्याचं खडकी शहर जाळलं.

ही खडकी दापोडीशेजारची नव्हे. दौलताबादजवळ अंबरने वसवलेलं हे शहर म्हणजे नंतरचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. ते जळाल्यावर त्याने पुन्हा उभं केलं. डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी आणलं. नहर-ए-अंबरी म्हणून ती योजना ओळखली जाते. भडकल दरवाजाही त्याचाच.

दुसरं मोठं काम जमिनीचं. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवायचा, गावाच्या पाटलाला धरून वसुली करायची, अशी पद्धत त्याने बसवली. पुढे शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी वसुलीची घडी बसवली, ती याच पायावर, असं मानलं जातं.

जहांगीरचा राग

मुघल बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख जवळजवळ दर वेळी काळ्या रंगावरून शिवी घालत केलाय. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. अबुल हसन या दरबारी चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढून घेतलं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

प्रत्यक्षात ते मुंडकं जहांगीरच्या हाती कधीच लागलं नाही. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि विजापूरकर अशा दोन्ही फौजांना अंबरने एकत्र हरवलं. शहाजीराजे या लढाईत होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथे मारले गेले.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, अंबर अंथरुणावर मरण पावला. त्यानंतर मुघल दरबाराच्याच इतिहासकाराला लिहावं लागलं की युद्धात आणि कारभारात या गुलामाच्या तोडीचा माणूस नव्हता. त्याची कबर खुलताबादला आहे.

पुढच्या दहा वर्षांत निजामशाही संपली. अंबरचा मुलगा फतेहखान आणि हमीदखान हबशी यांच्यात सत्तेसाठी ओढाताण झाली आणि १६३३ मध्ये फतेहखानाने दौलताबाद मुघलांना दिलं. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातलं एक मूल शोधलं, गादीवर बसवलं आणि १६३६ पर्यंत मुघलांशी झुंज दिली. अंबरने १६०० मध्ये केलं होतं तेच.

मग हबशी म्हणजे कोण?

अंबरनंतरही या एका शब्दाखाली अनेक वाटा राहिल्या. १६६० मध्ये सिद्दी जौहर विजापूरकरांकडून पन्हाळ्याला वेढा घालून बसला, तर सिद्दी हिलाल शिवाजी महाराजांच्या बाजूने त्याच्यावर चालून गेला. जंजिऱ्याचे सिद्दी नवाब झाले आणि त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. दुसरीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या जंगलात राहणारे सिद्दी. त्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळालेले गुलाम. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन तिन्ही आहेत, कोकणी ही त्यांची घरची भाषा आहे आणि अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला त्यांना २००३ उजाडावं लागलं.

नवाबाचं घराणं आणि जंगलातला शेतमजूर, दोघांना आपण एकच शब्द वापरतो. टपरीवरच्या त्या मुलांनाही तोच. त्यातला एखादा इथिओपियाचा अम्हारा असेल, एखादा सुदानचा अरबी बोलणारा, एखादा टांझानियाचा स्वाहिली बोलणारा. एकमेकांशी त्यांचंही सगळं जुळत असेलच असं नाही. पुढच्या वेळी भेटले तर कुठून आलात, एवढं विचारून बघा.

राहता राहिला वर्गातला तो मित्र. हा लेख लिहिताना त्याला इन्स्टावर शोधलं, जुन्या गोष्टीबद्दल सॉरी म्हटलं आणि हापूसबागेची माहिती पाठवली. सॉरीवर तो काहीच बोलला नाही. हापूसबागेचं लोकेशन मात्र मागून घेतलं.